मसल, स्नायू आणि बेटकुळी

प्रश्न असा आला आहे: 'मसल कार'ला, म्हणजे १९६०-७० च्या सुमारास निघालेल्या दांडग्या इंजिनाच्या अमेरिकी गाडीला, मराठीत 'स्नायूगाडी' म्हणावं का? आणि १९७० सालच्या शेवरोले शेवेल एसएस ४५४ या अशाच एका गाडीबद्दल लिहिताना '४५० अश्वशक्ती' हा आकडा तसाच द्यावा का?

'स्नायूगाडी' अजिबात नको. स्नायू म्हणजे मसल हे समीकरण शाळेच्या पुस्तकांनी रुजवलं आणि परिभाषा ठरवणाऱ्यांनी ते डोळे मिटून चालू ठेवलं. सुश्रुत आपल्या संहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, पेशी ५०० आणि स्नायू ९०० अशी वेगवेगळी मोजणी देतो. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव भार सोसते, तसं शरीर स्नायूंमुळे भार सोसतं, हा दृष्टान्तही त्याचाच. म्हणजे स्नायू हा बांधणारा दोर आणि मसल म्हणजे पेशी. आपण 'पेशी' हा शब्द सेलला देऊन टाकला आणि मग मसलसाठी दोर ओढून आणला. 'मसल'चा उगम 'मांसल'मध्ये शोधणारेही मला वरचेवर भेटतात. ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही.

खरी गोष्ट याहून फार गोड आहे. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर आणि 'मुस्कुलुस' म्हणजे इवलासा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी तुरुतुरु सरकतं, त्याला रोमन लोकांनी उंदीर म्हटलं. ग्रीकमध्ये तर उंदीर आणि मसल या दोहोंना एकच शब्द, 'मीस'. आपला 'मूषक' याच घराण्यातला. आता पुढचं ऐका. शेवरोलेच्या लहान व्ही-८ (आठ सिलिंडरांच्या) इंजिनाला अमेरिकेतले मेकॅनिक 'माऊस मोटर' म्हणतात आणि ३९६, ४२७, ४५४ घनइंचांच्या मोठ्या इंजिनाला 'रॅट मोटर'. उंदरावरून नाव पडलेल्या गाडीच्या पोटात पुन्हा उंदीर आणि घूस! त्या मेकॅनिकांच्या मनात लॅटिन नव्हतं, तरी शब्द फिरून आपल्या बिळाशी आला.

मराठीने उंदीर घेतला नाही, बेडूक घेतला. दंडातली बेटकुळी. बेडूक, बेडकुळी, बेटकुळी असा हा प्रवास मी मानतो. माझं तर ठाम मत आहे की धान्याच्या कणगीशी ज्यांचा संसार त्यांना दंडात उंदीर दिसला आणि भातखाचराच्या बांधावर ज्यांचा पावसाळा गेला त्यांना बेडूक. आणि उपमा म्हणून आपलीच सरस, कारण उंदीर नुसता पळतो, बेडूक फुगतो.

फुगण्यावरून अश्वशक्तीकडे येतो, कारण खरा संताप मला तिथे येतो. '४५० अश्वशक्ती' असं मोकळं लिहिणं हा भाषेचा गैरवापर आहे. १९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्यांच्या जाहिरातीत छापलेला आकडा ढोबळ असे. इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या बाकावर ठेवायचं. पंखा नाही, अल्टरनेटर नाही, हवेची गाळणी नाही, सायलेन्सर नाही. आणि मग मोजायचं. गाडीत बसवल्यावर उरते ती निव्वळ अश्वशक्ती. कागदावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांत जो फरक, तोच इथे. क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनाचे १९७१ चे दोन्ही आकडे उपलब्ध आहेत: ढोबळ ४२५, निव्वळ ३५०. इंजिन तेच. शेवरोलेच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमधल्या एलएस६ इंजिनाचे त्याच वर्षी ४२५ आणि ३२५. १९७२ पासून सगळ्यांनीच निव्वळ छापायला सुरुवात केली आणि लोक म्हणू लागले की एका रात्रीत गाड्यांचा जीव गेला. जनरल मोटर्सने १९७१ मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन (पेटण्याआधी इंधन-हवेचं मिश्रण दाबण्याचं प्रमाण) उतरवलं होतं हे खरं, पण १९७२ च्या घसरणीतला मोठा वाटा मोजपट्टी बदलल्याचा होता.

नियतकालिकांतल्या चाचण्याही ताडून घ्याव्या लागतात. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओने शून्य ते ताशी ६० मैल ४.६ सेकंदांत गाठल्याचं 'कार अँड ड्रायव्हर'ने छापलं. त्या गाडीत नेहमीच्या ३८९ ऐवजी ४२१ घनइंचांचं इंजिन होतं, हे पाँटिअॅकच्या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे स्वतः कबूल केलं. दुकानात मिळणाऱ्या जीटीओला त्याच काळातल्या इतर चाचण्यांत साडेसहा सेकंदांहून जास्तच वेळ लागला. शिवाय त्या काळचे अरुंद, जुन्या बांधणीचे बायस-प्लाय टायर ही ताकद रस्त्यावर उतरवू शकत नसत. चाक जागीच फिरे आणि घड्याळ पुढे जाई. ब्रेक तर कित्येक गाड्यांना चारही चाकांना ड्रमचेच.

म्हणून त्या गाड्या पोकळ होत्या असं मात्र कुणी म्हणू नये. शेवेलच्या त्या ४५४ ने चांगल्या चालकाच्या हाती पाव मैल साडेतेरा सेकंदांच्या आत कापल्याची नोंद आहे, तीही त्याच टायरांवर. आणि काही कंपन्या तर आकडा मुद्दाम कमी सांगत. शेवरोलेच्याच कॅमरो झेड/२८ या गाडीचं ३०२ घनइंचांचं इंजिन कागदावर २९० चं, प्रत्यक्षात त्याहून बरंच दांडगं. कॉर्व्हेटचं एल८८ हे शर्यतीसाठी बांधलेलं इंजिन. त्यावर ४३० लिहिलं, आणि साध्या गिऱ्हाइकासाठीच्या एल७१ वर ४३५! पाच जास्त बघून रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाने एल७१ घ्यावं आणि एल८८ च्या वाटेला जाऊ नये, असा तो हिशेब. १९६७ ते १९६९ या तीन वर्षांत एल८८ च्या जेमतेम २१६ गाड्या निघाल्या. या गाडीने आपली बेटकुळी बाहीआड ठेवली होती.

तेव्हा 'मसल कार' असंच लिहा. आणि आकड्याच्या आधी 'ढोबळ' लिहा: '४५० ढोबळ अश्वशक्ती'.