चौसष्ट पानं आणि एक जिना

प्रश्न : आर्किटेक्चरचं शिक्षण नुकतंच संपलं. कॉलेजच्या सगळ्या वर्षांची कामं घालून 64 पानांचा पोर्टफोलिओ केलाय. सुरुवातीची दहा पानं थीसिसच्या रेंडरची, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या इमारतीच्या चित्रांची. आतापर्यंत दोन मुलाखती झाल्या. दोन्हीकडे पानं भराभर उलटली गेली, आणि एका ठिकाणी तर "यात तुम्ही नक्की काय केलंत?" असं विचारलं. काय काढू, काय ठेवू? इंटर्नशिपमधली वर्किंग ड्रॉइंग (प्रत्यक्ष बांधकामासाठीची, मापांसकट) घातली तर चालतात का?

उत्तर : 64 पानं मीसुद्धा बघणार नाही, आणि मी तर हौसेने बघणाऱ्यांपैकी आहे.

अर्जाची पीडीएफ उघडली की मी आधी जिना शोधते. जिन्यात लपवाछपवी चालत नाही. मध्यंतरी एका अर्जात वृद्धाश्रमाचं डिझाइन होतं. मजल्याची उंची 3.6 मीटर, आणि प्लॅनमध्ये जिन्याचे चढ मोजले तर 18. म्हणजे आजी-आजोबांनी एकेका पायरीला 200 मिलिमीटर पाय उचलायचा! शेजारच्या पानावर कातरवेळचं सुरेख रेंडर होतं. मुलगा हुशार असेलही, पण माझ्या डोक्यात त्या अठरा पायऱ्याच राहिल्या.

तेव्हा चार प्रकल्प ठेवा, फार तर पाच, आणि पानं पंचविसाच्या आत आणा. पहिल्या वर्षाची कंपोझिशन काढून टाका. जीव तुटेल, तुटू दे. उरलेल्यांतला एक तरी प्रकल्प असा हवा की झोपेतून उठवून विचारलं तरी तुम्हाला सांगता येईल. तो ऐसपैस मांडा. साइटवर गेल्यावर आधी काय खटकलं, पहिला प्लॅन कुठे फसला, ज्युरीने काम तपासल्यानंतर कुठली भिंत हलली, हे सगळं येऊ द्या. फसलेला प्लॅनही छोटा करून शेजारी लावा. मी उमेदवाराला हमखास विचारते, "हे टॉयलेट इथेच का?" वरच्या मजल्याचे पाइप कुठल्या डक्टमधून खाली येतात ते ज्याला सांगता येतं, त्याच्याशी पुढच्या गप्पा आपोआप रंगतात.

थीसिसचं रेंडर एकच ठेवा आणि समोरच्या पानावर त्याच जागेचा सेक्शन (उभा छेद) लावा.

वर्किंग ड्रॉइंग जरूर घाला, पण आधी त्या ऑफिसला विचारा. क्लायंटचं नाव-पत्ता झाका, ऑफिसचं नाव मात्र राहू द्या. खाली एक ओळ लिहा : "डिझाइन ऑफिसचं, खिडक्यांच्या मापांची यादी (शेड्यूल) आणि टॉयलेटचं टाइल ड्रॉइंग माझं." तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ग्रुपमध्ये केलेल्या कामालाही हाच नियम.

आता स्केल. इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. पहिल्या मुलाखतीला ए3 शीट वागवायचा कंटाळा म्हणून सगळं ए4वर छापून नेलं, आणि प्लॅनखाली 1:100 (कागदावरचा 1 सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षातला 1 मीटर) तसंच राहिलं. समोरच्या गृहस्थांनी ड्रॉवरमधून स्केल काढून प्लॅनमधल्या दारावर टेकवली. 900 मिलिमीटरचं दार जेमतेम 640 भरलं. "या दारातून तुम्ही आडव्या होऊन जाता का?" असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. ए3चं ए4 केलं की प्रत्येक लांबी साधारण 0.71 पट होते, म्हणजे 1:100चं 1:141 होऊन बसतं. तेव्हापासून मी आकड्याच्या भरवशावर राहत नाही, प्लॅनखाली मापाची पट्टीच काढते. कागद लहान झाला की तीही त्याच्याबरोबर आक्रसते. रेषांचंही तसंच. प्लॅनमध्ये कापलेल्या भिंतीची रेषा 0.5 मिलिमीटर जाड आणि टाइलची 0.13, हा फरक ए3वर छान दिसतो. ए4वर टाइल गायबच होते. म्हणून ज्या आकारात दाखवणार, त्याच आकारात एकदा छापून बघा.

मेलने पाठवायची प्रत वेगळी करा. स्क्रीनवर बघायला चित्रं 150 डीपीआयची (एका इंचात 150 ठिपके) पुरतात. 300 छापण्यासाठी ठेवा. फाइलच्या नावात तुमचं नाव घाला. माझ्या कॉम्प्युटरवर 'पोर्टफोलिओ फायनल' नावाच्या अकरा फाइल्स पडल्यात, कुठली कुणाची देव जाणे.