गाढवी मध्येच थांबते, काय करू?

प्रश्न : ताई, आमच्याकडे एक पोनी, एक गाढवी आणि अडीच वर्षांचं खेचर आहे. मुलांना (वय 13 आणि 9) जनावरं गाडीला जोडून प्रदर्शनात उतरायचं वेड लागलंय. पोनी छान शिकली. गाढवी मात्र चालता चालता खिळल्यासारखी उभी राहते. मुलगा पुढून दोर ओढतो, ह्यांचं म्हणणं चाबूक दाखवल्याशिवाय ती ऐकायची नाही. खेचराला आताच गाडीला जोडावं का? आणखी एक, मागच्या प्रदर्शनाला गाढवीला एकटीलाच नेलं, तर तिने दिवसभर चाऱ्याला तोंड लावलं नाही. हे हट्टामुळे का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो जिवाशी आहे. गाढवाने खाणं सोडलं तर त्याला हट्ट समजू नका. उपाशी राहिलं की त्याच्या अंगातली चरबी भराभर रक्तात उतरते, यकृत निकामी होऊ शकतं आणि जनावर दगावतं. अंगाने भरलेली आणि गाभण गाढवी यात लवकर सापडते. गाढव दुखणं चेहऱ्यावर दिसू देत नाही. मान खाली घालून गप्प उभं राहिलं, एवढंच कधीकधी लक्षण असतं. त्यामुळे उद्यापर्यंत वाट पाहू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. आणि यापुढे तिला एकटीला नेऊ नका. घरी ती ज्या जनावराच्या अंगाला अंग लावून उभी राहते, ते सोबत न्या, मग ते स्पर्धेत नसलं तरी चालेल.

आता थांबण्याबद्दल. घोडा बिचकला की पळतो, गाढव बिचकलं की थांबतं. त्याला समोरची गोष्ट नीट बघायची असते. माझी पहिली गाढवी डबक्यापाशी अशीच अडली होती. मी तेव्हा अकरा वर्षांची, दोर ओढून हात सोलवटले होते. वडिलांनी माझ्या हातातून दोर घेतला, सैल सोडला आणि तिच्या खांद्याशी नुसते उभे राहिले. तिचा एक कान पाण्याकडे, दुसरा वडिलांकडे. बऱ्याच वेळाने तिने मान खाली घातली, पाण्यावर फुंकर मारल्यासारखा श्वास सोडला, मग उजवा पाय टाकला, काढला, परत टाकला. वडील हळूच म्हणाले, "चल." ती गेली. दुसऱ्या दिवशी त्या डबक्यापाशी ती थांबलीसुद्धा नाही. दोर ओढलात तर ती तुमच्याशी झटण्यात गुंतते आणि डबकं बघायचं राहून जातं. चाबूक दाखवलात तर भीती दोन गोष्टींची होते, डबक्याची आणि तुमची.

तुमच्या पत्रावरून मला खरी अडचण वेगळीच वाटते. घरात तिला तिघं तीन तऱ्हेने शिकवताय. आमच्याकडेही हेच होतं. मी "थांब" म्हणायचे, भाऊ "हो हो", आई नुसती जीभ वाजवायची, आणि जीभ मी चालवण्यासाठी वाजवायचे! शेवटी तबेल्याच्या दारावर खडूने चार शब्द लिहिले : चल, थांब, सावकाश, मागे. पाहुण्यांनासुद्धा तेच शब्द. पंधरा दिवसांत जनावर निवळलं. धाकट्या मुलाला हे काम द्या, शब्द चुकणाऱ्याला टोकायचं. लहान मुलं ते फार काटेकोरपणे करतात.

खेचराला अजून जोडू नका. अडीच वर्षांत हाडं पक्की होत नाहीत, पाठीची तर सगळ्यात शेवटी होतात. चार वर्षांपर्यंत ओढीचं काम नको. तोवर लांब लगाम लावून त्याच्या मागून चाला, वळणं शिकवा, उभं राहायला शिकवा. एकाने पुढे धरायचं, दुसऱ्याने मागे चालायचं. मग कोणीतरी शेजारून जुनं टायर ओढत न्यायचं, म्हणजे मागून येणाऱ्या आवाजाची सवय होते. ते टायर त्याच्यामागे बांधायची वेळ बरीच नंतर येते. आणि खेचर अन्याय विसरत नाही. पोनीवर चालून जाणारी चूक त्याच्यावर चालत नाही.

साज पोनीचाच गाढवीला घालता का? घालत असाल तर थांबा. गाढवाची पाठ सपाट, मानेच्या बुडाशी उंचवटा जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाठीवरची गादी पुढे सरकते. दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) आणि मांड्यांमागून जाणारा पट्टा दोन्ही हवेत, नाहीतर उतारावर गाडी तिच्या अंगावर येते. काम झाल्यावर कोपराच्या मागे, तंगाखाली (पोटाभोवतीच्या पट्ट्याखाली) हात फिरवा. केस उलटे किंवा ओलसर-चिकट लागले तर दुसऱ्या दिवशी तिथे जखम होईल.

एक नियम मात्र मुलांकडून रोज म्हणवून घ्या : गाडी सोडवल्याशिवाय तोंडावरचा लगाम काढायचा नाही. माझ्या भावाने पाणी पाजायला म्हणून एकदा काढला. लगामाबरोबर डोळ्यांवरची झापडंही गेली आणि पोनीला मागची गाडी दिसली आणि ती उधळली. दांडी मोडली, सुदैवाने माणसं वाचली, पण पुढे आठ महिने ती चाकाजवळ उभी राहत नव्हती. चढताना लगाम हातात घेऊन चालवणारा आधी, उतरताना तो सगळ्यात शेवटी. मुलांच्या डोक्यावर हेल्मेट हवंच.

प्रश्न : गाडीच्या स्पर्धेत नेमकं काय असतं? आणि खेचराला पिल्लं होतात का?

उत्तर : ब्रिटनचे प्रिन्स फिलिप 1964 ते 1986 आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे अध्यक्ष होते. त्याच काळात त्यांच्या पुढाकाराने गाडीच्या स्पर्धेचे नियम बांधले गेले. पुढे ते स्वतः फेल (Fell) नावाच्या ब्रिटिश जातीच्या पोनी हाकत उतरत. तीन टप्पे असतात : ठरलेल्या आकृत्या हाकणं, अडथळ्यांची लांब फेरी आणि शंकूंच्या जोड्यांमधून गाडी काढणं. शंकूवरचा चेंडू पडला की दंड. घरच्या सरावात मात्र सगळ्यात जास्त वेळ नुसतं उभं राहण्यावर घालवा. परीक्षकांसमोर तेच सगळ्यात अवघड जातं.

खेचराला पिल्लं जवळजवळ कधीच होत नाहीत. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63. ती नीट जोडीने विभागत नाहीत. तरीही नर खेचराचं खच्चीकरण करावंच लागतं, नाहीतर वयात आल्यावर तो मुलांच्या हाती देण्याजोगा राहत नाही.