जुन्या एक्सटीचा क्रिस्टल बदलून वेग वाढवता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला घरी १९८७-८८चा एक्सटी क्लोन (आयबीएमच्या पीसी एक्सटीची नक्कल) आहे, ८०८८ प्रोसेसर, सीजीए कार्ड (पडद्यावर चित्र दाखवणारं), वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. बोर्डावरचा १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (क्लॉकचे ठोके देणारा स्फटिक) काढून २४चा लावला, तर मशीन ८ मेगाहर्ट्झवर चालेल का?

प्रोसेसर कदाचित चालेल, पण तो क्रिस्टल काढू नका. ८२८४ए ही क्लॉकची चिप त्याला ३ने भागून प्रोसेसरला ४.७७ देते. तोच १४.३१८ स्लॉटमधून सीजीए कार्डालाही जातो, आणि १२ने भागला जाऊन १.१९३ मेगाहर्ट्झच्या रूपात ८२५३ टायमरला मिळतो. २४चा लावलात की पडद्याची आडवी वारंवारता १५.७ किलोहर्ट्झवरून २६च्या पुढे जाईल. चित्र फाटेलच, शिवाय जुन्या मॉनिटरचा हॉरिझॉन्टल ट्रान्झिस्टर उडण्याची भीती. डॉसचं घड्याळ खऱ्या एका तासात एक तास चाळीस मिनिटं मोजेल.

आधी बोर्डावर क्रिस्टल किती आहेत ते मोजा. १४.३१८शेजारी २४ किंवा ३०चा दुसरा दिसला तर बोर्ड मुळातच टर्बो, म्हणजे दोन वेगांचा, आहे. मग जंपर किंवा कॅबिनेटचं टर्बो बटण शोधा, काम तिथेच झालं.

एकच क्रिस्टल असेल तर सुरुवात एनईसीच्या व्ही२० चिपने करा. ती ८०८८च्याच ४० पिनांच्या सॉकेटमध्ये बसते. खाचेची दिशा तेवढी जपा. क्लॉक तोच राहूनही मशीन हलकं वाटतं, गुणाकार-भागाकारात तर फरक ठळक दिसतो. शिवाय पुढे क्लॉक वाढवायचा तर चिप त्या वेगाची हवीच: साधा ८०८८ ५ मेगाहर्ट्झचा असतो, ८०८८-२ हा ८चा. व्ही२० -८ किंवा -१० घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या चिपांवर पुष्कळदा वरचा आकडा नव्याने छापलेला असतो. कापसाला ॲसिटोन लावून घासा. शाई उतरली तर त्या आकड्यावर विसंबू नका.

आता क्लॉक. ८२८४एमध्ये बाहेरून क्लॉक घ्यायची सोय आहे. तिच्याखाली एक जादा सॉकेट घाला, १३ आणि १४ या पिना त्या सॉकेटबाहेर वाकवा. १३ला १ किलोओहममधून +५ व्होल्ट द्या, १४ला चार पायांच्या ऑसिलेटरचं आउटपुट जोडा. तिथे सुटा क्रिस्टल चालत नाही. (टर्बो बोर्डावर २४च्या जागी ३०चा क्रिस्टल लावणाऱ्यांनीही जपावं. तो बहुधा तिसऱ्या ओव्हरटोनचा, म्हणजे स्वतःच्या मूळ कंपनाच्या तिप्पट आकडा लिहिलेला, असतो, साध्या सर्किटमध्ये १०वरच डोलतो आणि मशीन ३.३वर येतं.) मूळ क्रिस्टल जागेवरच राहतो, कारण १२ नंबरच्या पिनेवरून सीजीएला त्याचाच १४.३१८ मिळत राहतो.

टायमर मात्र प्रोसेसरच्या क्लॉकमागे पळतो, कारण त्याचा १.१९३ हा प्रोसेसरच्या ४.७७ला ४ने भागून येतो. त्याच्यासाठी एक ७४एलएस९२ ही १२ने भागणारी चिप लागेल: पिन १४ला ८२८४एच्या १२ नंबरच्या पिनेवरचा सिग्नल, १२ आणि १ एकमेकींना, ६, ७, १० ग्राउंडला, ५ला +५ व्होल्ट. पिन ८वर १.१९३ मिळेल. ८२५३च्या ९, १५, १८ या पिना सॉकेटमधून उचला आणि तिथे तो द्या. वायर आखूड ठेवा, चिपेला चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. सॉकेट, कपॅसिटर, ऑसिलेटर यांसाठी महाराणी रोडवर विचारून बघा.

बहुतेक जण अडतात ते डीएमएपाशी, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत डेटा हलवणाऱ्या भागापाशी. ८२३७ए-५ ही चिप ५ मेगाहर्ट्झपर्यंतचीच, आणि तिला क्लॉक प्रोसेसरचाच मिळतो. फ्लॉपीचा डेटा तिच्यातून जातो, मेमरीचं रिफ्रेशही (डेटा पुसू नये म्हणून तो सतत ताजा करणं) तिच्याकडेच. ती डगमगली की पॅरिटी एरर (मेमरी तपासणीत सापडलेली चूक) येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे फाइल गुपचूप बिघडते. तिच्या जागी ८२सी३७एची ८ मेगाहर्ट्झची आवृत्ती लावा. रॅमच्या चिपांवर -२० असेल तर त्या २०० नॅनोसेकंदांच्या. ७च्या पुढे -१५ घ्या. ८०८७ (गणितासाठीचा जोड-प्रोसेसर) लावलेला असेल तर त्याचाही वेग तपासा.

एकदम २४वर उडी नको. आधी २०चा ऑसिलेटर लावा, म्हणजे ६.६७, मग २२.११८४, म्हणजे ७.३७. माझ्या मते इथेच थांबावं. ८वर स्लॉटमधली जुनी कार्डं, त्यातही हार्ड डिस्कचा कंट्रोलर, कुरकुरू लागतात.

प्रत्येक टप्प्यावर डॉसच्या डिस्ककॉपी या आज्ञेने एक फ्लॉपी उतरवा आणि डिस्ककॉम्पने ताडून पाहा. पहिल्यांदा 'नॉट रेडी' येऊन रीट्राय केल्यावर चालत असेल, तर दोष बायोसमधल्या (बोर्डावरच्या रॉममधल्या मूळ प्रोग्राममधल्या) थांब्यांचा. ते लूप फिरवून मोजलेले असतात, प्रोसेसर वेगवान झाला की आखूड पडतात आणि मोटरला गती धरायला वेळ उरत नाही. कॉपी बिनतक्रार होऊन ताडताना फरक निघाला तर डीएमए किंवा रॅम बघा.

ही चाचणी दुपारी करा, झाकण लावून, तासभर मशीन तापल्यावर. तापलेल्या जुन्या एनमॉस चिपा मंदावतात. जानेवारीच्या रात्री ७.३७वर गुमान चालणारं मशीन मेमध्ये ४२ अंशांत अडकू शकतं. प्रोसेसरजवळ ५ व्होल्टही मोजा, ४.७५च्या खाली असेल तर आधी पॉवर सप्लाय दुरुस्त करा. तो ठीक असूनही दुपारी अडकलं तर मागचा ऑसिलेटर परत लावा. त्यासाठी ऑसिलेटरलाही सॉकेट ठेवा, थेट डाग देऊ नका.