वाचकांचे प्रश्न : छापखान्यात हयात घालवलेल्या वडिलांच्या खुणा

प्रश्न : वडील ९२ व्या वर्षी गेले. दैनिकाच्या छापखान्यात आधी खिळे (छपाईची सुटी धातूची अक्षरे) जुळवायला, पुढे मशीनवर, असे त्यांचे आयुष्य गेले. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची आहे, पण प्रत्येक जण ‘कष्टाळू, कुटुंबवत्सल’ एवढेच लिहून देतो. (वाचक, सांगली)

उत्तर : विशेषणे बाजूला ठेवा आणि त्यांच्या घड्याळापासून सुरुवात करा. सकाळी दारात पडणारे दैनिक रात्री छापले जाते. घर झोपायचे तेव्हा ते मशीनपाशी उभे असायचे, मुले शाळेत जायची तेव्हा ते झोपायचे. मग डबा किती वाजता भरला जायचा? पहाटे घरी कसे यायचे? दुपारी ते झोपलेले असताना मुलांना काय बजावलेले असायचे? शाळेची फी भरायला, दवाखान्यात न्यायला कोण जायचे? आईला, आत्याला, शेजाऱ्यांना हेच विचारा. जागरण करून आलेला माणूस न झोपता मुलाला परीक्षेला सोडायला गेला, हे कळले की ‘कुटुंबवत्सल’ लिहावेच लागत नाही.

कामाची कागदपत्रेही काढा. पगाराच्या चिठ्ठ्या आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्यांवरून हुद्दा आणि वर्षे ताडता येतात. पालेकर (१९८०) आणि बच्छावत (१९८९) निवाड्यांनी वृत्तपत्रांतल्या पत्रकारेतर कामगारांचीही वेतनश्रेणी ठरवली. त्या वेळची वेतननिश्चितीची पत्रे बऱ्याच घरांत जपलेली असतात. अंकाच्या शेवटी बारीक टाइपातली ओळ असते, तिच्यात मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण असते. छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याने ते बंधनकारक होते. छापखाना कुठून कुठे हलला, हे जुन्या अंकांतल्या त्या ओळींवरून कळते. मात्र तिथे जबाबदार मुद्रकाचे नाव येते, कामगाराचे नाही. तिथे वडील सापडले नाहीत म्हणून खट्टू होऊ नका.

एक प्रकरण हमखास गाळले जाते, ते गाळू नका. खिळे जाऊन फोटोटाइपसेटिंग (अक्षरे फोटोसारखी कागदावर उमटवण्याची पद्धत) आले, तेव्हा वडिलांचे वय काय होते आणि त्यांच्या हाताला कोणते काम दिले गेले? कोणी पानांच्या पेस्टिंगला (मजकुराच्या पट्ट्या चिकटवून पान जुळवायला) गेले, कोणी ऑफसेट छपाई शिकले, कोणाला घरी बसावे लागले. त्या वर्षांत घर कसे चालले, हे त्यांच्या बरोबरीच्या माणसांकडून आताच विचारून घ्या.

प्रश्न : त्यांनी आठवण म्हणून आणलेले खिळे चपलांच्या खोक्यात आहेत. त्यांवर पांढरी भुकटी धरली आहे. चिंच लावून घासावेत का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : चिंच, लिंबू, व्हिनेगर अजिबात नको. खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असतात. त्यात शिसेच जास्त, आणि आम्ल त्याला खाते. पांढरी भुकटी हे शिशाचे क्षार आहेत. लाकूड आणि पुठ्ठ्यातून हळूहळू सुटणारी आम्लाची वाफ बंद जागेत कोंडते, पावसाळ्याची दमट हवा मिळते, आणि भुकटी धरते. ही भुकटी विषारी आहे, लहान मुलांना विशेष. कोरड्या ब्रशने झटकू नका, फुंकू नका.

गच्चीवर किंवा अंगणात जुना कागद पसरा. हातमोजे आणि एन-९५ मास्क घालून एकेक खिळा ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरडा करा, सावलीत पूर्ण वाळू द्या. कागद आणि फडके पिशवीत बांधून धोकादायक घरगुती कचऱ्यात द्या. धुऊन परत वापरू नका. हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका. मग पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. डबे लहान घ्या: चपलांचे खोके खिळ्यांनी भरले तर पंचवीस किलोच्या पुढे जाते आणि तळ सुटतो.

अक्षराबाहेर झुकलेल्या काना-मात्रांचे खिळे वेगळे काढा. तो झुकलेला भाग खालून आधाराविना असतो, एकमेकांवर पडले की तोच आधी मोडतो. जुळवलेला एखादा मजकूर बांधलेल्या स्थितीत सापडला तर दोरा सोडू नका. ती जुळणी बहुधा त्यांच्याच हातची असेल. आधी फोटो घ्या. अक्षरे उलटी दिसतील, फोनवर फोटो आडवा पलटला की वाचता येतो.

प्रश्न : त्यांनी छापलेले अंक पिवळे पडलेत. लॅमिनेशन करावे का? (वाचक, पुणे)

उत्तर : नको. उष्णता आणि गोंद दोन्ही कागदाला मारक, आणि ते पुन्हा काढता येत नाही. वृत्तपत्राच्या कागदातले लिग्निन (लाकडातून आलेला घटक) उजेडाने आणि हवेने पिवळे पडते; ते थांबत नाही, मंदावते. घडी उलगडून ४०० डीपीआयला स्कॅन करा, तारखेची ओळ आणि शेवटची मुद्रकाची ओळ धरून. मग आम्लरहित कागदात सपाट ठेवा. सेलोटेप, रबरबँड, स्टेपलच्या पिना काढा. टेप घट्ट चिकटला असेल तर ओढू नका, जाणकाराला दाखवा. स्मरणिकेत मात्र स्कॅनच वापरा, मूळ अंक घरातल्या अंधाऱ्या, कोरड्या कपाटात राहू द्या.