आजींच्या दीर्घ आयुष्याची आठवण कुणाकुणाला विचारावी?

अमेरिकेतील एका वाचक भगिनीने लिहिले आहे की, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी गेलेल्या त्यांच्या आजींचे वर्षश्राद्ध जवळ आले आहे आणि त्यानिमित्त देशोदेशीच्या नातेवाइकांनी व्हिडिओ कॉलवर जमून आठवणी सांगायचे ठरवले आहे. मात्र तेराव्याला असेच जमले असता प्रत्येक जण आजी किती मायाळू आणि कष्टाळू होत्या एवढेच बोलला, आणि मुलांना पणजीविषयी काहीच कळले नाही. या वेळी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मुलांची तक्रार मला रास्त वाटते. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना आजी माहीत असते ती सत्तरीच्या पुढची, सुट्टीत भेटलेली, आपण आल्यामुळे आनंदात असलेली. त्याआधीची सहा-सात दशके ती कुणाची तरी धाकटी बहीण होती, नवी सून होती, चार माणसांच्या घरात स्वतःची जागा शोधणारी तरुण बाई होती, आणि त्या काळाचे साक्षीदार आपण नव्हे, दुसरेच कुणी आहेत. म्हणून भाषणे ठरवण्याआधी आजींना कोण कोणत्या नात्याने हाक मारत असे, याची नोंद करा. माहेरी त्यांना अक्का किंवा ताई म्हणणारी भावंडे, वहिनी म्हणणारे दीर आणि नणंदा, आत्या, मामी, काकू म्हणणारी मंडळी, आणि नुसत्या नावाने हाक मारणारी एखादी शेजारीण किंवा वर्गमैत्रीण, यांतील प्रत्येकाला आजी वेगळ्या वयात भेटलेल्या असतात. एवढेच काय, थोरल्या लेकाने पाहिलेली आई विशीतली असते आणि शेंडेफळाने पाहिलेली चाळिशीतली, त्यामुळे सख्ख्या भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत तरी कुणाचेच चुकत नसते. या मंडळींपैकी जी आज ऐंशी-नव्वदीत आहेत त्यांना वर्षश्राद्धाच्या दिवसापर्यंत थांबू नका, याच आठवड्यात फोन करा.

विचारायचे कसे, हेही महत्त्वाचे आहे. ‘आजी कशा होत्या?’ या प्रश्नाला ‘फार चांगल्या’ याहून वेगळे उत्तर येत नाही; मात्र सगळ्यांच्या स्मरणात असलेल्या एखाद्या काळाला धरून विचारले की म्हातारी माणसे भरभरून बोलतात. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, तेव्हा तुमच्या आजी पंचविशीच्या आसपास असतील. घरखर्चाचा हिशेब त्या वेळी त्यांच्या हातात होता की सासूबाईंच्या? कुटुंब पुण्याचे असेल तर १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले त्या दिवशी त्या कुठे होत्या, सातारा-कऱ्हाडकडचे असेल तर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मुलांना घराबाहेर कुणी नेले, हे विचारा. मराठवाड्यातले असेल तर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपण्याआधीचे दिवस त्यांच्या माहेराने कसे काढले, इथपासून सुरुवात करता येईल. १९७२ चा दुष्काळ तर महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी भोगला आहे. मिलो (तेव्हा रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळी कामांवर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) हे दोन शब्द उच्चारताच पुढचे सगळे आपोआप निघते. अशा उत्तरांतून मुलांना पणजीने घेतलेले निर्णय, तिची भीती, तिचा हट्ट कळतो, आणि माया कशातून दिसत असे तेही कळते.

माहेराकडे विशेष लक्ष द्या, कारण तोच भाग सर्वांत आधी पुसला जातो. लग्नात अनेक घरांत मुलीचे आडनावच नव्हे तर नावही बदलले जात असे, त्यामुळे नातवंडांना आजीचे जन्मनाव माहीत नसणे अगदी सर्रास आढळते. ते नाव, आई-वडिलांची नावे, गाव, शाळा कितवीपर्यंत झाली आणि का सुटली, हे सर्व एका जागी लिहून ठेवा. कागदपत्रांवरची जन्मतारीख १ जून असेल तर ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली असण्याची शक्यता मोठी आहे. घरात जन्मतिथी किंवा पत्रिका असल्यास तीच अधिक विश्वासाची धरावी.

दीर्घ आयुष्यात दुःखेही पुष्कळ असतात. अर्भकपणी गेलेले मूल, अर्धवट राहिलेले शिक्षण, जावाजावांतला वर्षानुवर्षांचा अबोला, हे सगळे वगळून सांगितलेली आजी खोटी वाटू लागते आणि मुलांना ते लगेच समजते. तरीही, जी व्यक्ती आज हयात आहे आणि जिला त्याची झळ लागू शकते, तिची परवानगी घेतल्याशिवाय अशी गोष्ट कॉलवर काढू नका. ती घरच्या वहीत मात्र अवश्य लिहा.

तिथीविषयी थोडक्यात सांगते. तिथी जगभर एकाच क्षणी सुरू होते, पण त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे ती वेगळ्या तारखेला येऊ शकते. भारतात पहाटे पाचला कुणी गेले तर न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. म्हणून मृत्यूची वेळ, ठिकाण आणि तिथी तिन्ही नोंदवा, विधीसाठी तुमच्या शहराचे पंचांग पाहा, आणि आठवणींच्या कॉलसाठी त्याच आठवड्यातला रविवार निवडायला संकोचू नका.

वेळ ठरवताना वयाने सर्वांत मोठ्या माणसाची सोय पाहा. भारतात संध्याकाळी सात वाजता अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ असते, तेव्हा आपण लवकर उठावे आणि त्यांना जागरण घडवू नये. बोलण्याची सुरुवातही वयाने मोठ्या व्यक्तीकडून करा, आणि तिला मुलांपैकीच कुणीतरी आधी ठरवलेला एक प्रश्न विचारू द्या. मुलाचे मराठी अडखळते असले तरी हरकत नाही. सगळे बोलणे सर्वांना सांगून ध्वनिमुद्रित करा, आजींचे व्हॉट्सॲपवरचे जुने आवाजी निरोप फोन बदलण्याआधी वेगळे साठवा, आणि दोन्हींच्या प्रती भारतातल्या एका घरी व परदेशातल्या एका घरी ठेवा. वेळेअभावी राहिलेले प्रश्न त्याच माणसांना पुढच्या रविवारी फोन करून विचारता येतील.