छोट्या लॅपटॉपमधून रात्री बारीक 'चीं' आवाज येतो, घरात दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही. बिघाड समजायचा का?

'दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही' हे तुम्ही लिहिलंत म्हणून उत्तर द्यायला बसले, नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही. भास होत नाहीये तुम्हाला. आणि आता कुणीतरी येऊन 'अर्थिंग तपासा' म्हणणारच आहे, त्याचं ऐकू नका.

माझा अकरा इंची लॅपटॉप, आत पंखाच नाही. काम मुद्रितशोधनाचं, तेही सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पानं सरकवली की चीं, हात थांबला की बंद. आमचे भाऊजी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्यांनी लॅपटॉपला हात न लावता निदान केलं: "वहिनी, अर्थिंग. या घराची वायरिंग जुनी आहे." मग म्हणाले, बॅटरी फुगली असेल. आणि मी तरी ऐकेना म्हटल्यावर, "वहिनी, तुमची झोप पूर्ण होत नाही." हे तिसरं मला झोंबलं.

कारण माझे कान काय आहेत ते मला माहीत आहे. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतून १५,६२५ हर्ट्‌झची शिट्टी यायची (६२५ रेषा गुणिले सेकंदाला २५ चित्रं, करा हिशोब). शेजारच्या काकू आवाज पूर्ण बंद करून टीव्ही बघत बसल्या तरी मला जिन्यात कळायचं. मोठ्यांना कधीच नाही, कारण वय वाढतं तशी वरच्या पट्टीतली ऐकू येण्याची ताकद आधी जाते. इंजिनिअरिंगच्या डिग्रीने ती परत येत नाही.

सर्व्हिस सेंटरला नेला. डोक्यावर एसी घरघरतोय, शेजारी प्रिंटर चालू, आणि तो मुलगा काउंटरवर लॅपटॉप कानाला लावून म्हणतो, "आवाज नाही मॅडम." जॉबशीटवर 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि वर मदरबोर्ड बदलायचं कोटेशन दिलं. दोष नाही, पण मदरबोर्ड बदला!

निकाल लागला तो मे महिन्यात. भाऊजी सहकुटुंब आले होते, वळीव आला आणि सबंध गल्लीची वीज गेली. पंखे गप्प, फ्रिज गप्प. चार्जर काढून ठेवलेला, लॅपटॉप बॅटरीवर, आणि आवाज जसाच्या तसा. वायरच कुठे जोडलेली नाही तर कसलं अर्थिंग? पुतणीला (तेव्हा चौथीत होती) मी टेबलाकडे पाठ करून बसवलं आणि दोन बोटांनी पान वरखाली करत राहिले. ती अंधारात सांगत होती, "आता... थांबला... आता... काकू, थांबवलंस ना?" एकदाही चुकली नाही. भाऊजी म्हणाले, तुम्ही दोघी मिळून माझी गंमत करताय. अजूनही तेच म्हणतात.

आवाज येतो कुठून? प्रोसेसरला लागणारा व्होल्टेज बनवणाऱ्या सर्किटमधून. तिथे तारेची वेटोळी आणि सिरॅमिक कपॅसिटर असतात. बदलत्या करंटमुळे वेटोळी थरथरतात, आणि त्या कपॅसिटरमधला पदार्थ व्होल्टेजबरोबर किंचित फुगतो, आक्रसतो. जोडलेला बोर्ड त्यांच्याबरोबर थरथरतो आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा तो आवाज मोठा करतो. हे सर्किट एरवी सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतं, ते माणसाला ऐकू येत नाही. पण काम हलकं असलं की वीज वाचवायला ते मध्येमध्ये थांबून झटके देतं, शिवाय प्रोसेसर क्षणात झोपतो, क्षणात उठतो. ही लय वीस हजार हर्ट्‌झच्या खाली आली की आपल्या कानात चीं. म्हणून जड कामापेक्षा नुसतं पान सरकवताना जास्त वाजतं.

तुम्ही एवढं करा. चार्जर काढा, गेला तर चार्जर वाजतोय, त्यालाच कान लावून बघा. नाही गेला तर स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा. तेवढ्याने गेला तर बॅकलाइट, कारण बरेच स्क्रीन उजेड कमी करायला दिवा भराभर चालू-बंद करतात. तरी आहे? मग स्पीकर म्यूट करून बघा. आणि शेवटी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणारं मूळ सेटिंग) सी-स्टेट्स, म्हणजे प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या, बंद करायची सोय असेल तर ती वापरून बघा. त्याने आवाज गेला तर प्रोसेसरचं ते झोपणं-उठणंच कारण. माझा तिथेच गेला. फोनमध्ये आवाजाचा स्पेक्ट्रम (कुठल्या पट्टीत किती आवाज आहे त्याचा आलेख) दाखवणारं ॲप घेऊन कीबोर्डवर इकडून तिकडे फिरवलंत तर एक उभी रेघ ठरावीक जागी उंच होते, ती पुराव्याला बरी. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट मात्र कुणाला पाठवू नका. ती बोलण्यापुरती दाबलेली असते, बारीक आवाज त्यात कापला जातो, आणि समोरचा परत म्हणतो की काहीच नाही.

बिघाड समजायचा का, हे राहिलंच. नाही. असे लॅपटॉप वर्षानुवर्षं चालतात. सी-स्टेट्स कायम बंद ठेवू नका पण, बॅटरी भराभर उतरते आणि पंखा नसलेलं यंत्र तापतं. मी रात्री कामापुरतं करते. आणि हो, चीं ऐवजी चटचट असेल, जळका वास असेल, तर लगेच बंद करा. टचपॅड वर उचललं गेलं असेल तर बॅटरी खरंच फुगलीय (ती शिट्टी वाजवत नाही, भाऊजी). लॅपटॉप पूर्ण बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवल्यावरही चीं चालूच असेल, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, तो प्रश्न लॅपटॉपचा नाही.

मदरबोर्ड बदलायला पैसे घालू नका, नवाही वाजू शकतो. लॅपटॉप नवा असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत रात्री घरी ऐकून काय ते ठरवा. सर्व्हिस सेंटरला जायचंच असेल तर दहा-बारा वर्षांचं पोर सोबत न्या. इंजिनिअर नेऊ नका.