टिटिकाकाकाठचा पक्षी

प्रश्न : पेरूमध्ये टिटिकाका सरोवराच्या काठच्या गवतात माझ्या भाचीने टिपलेले छायाचित्र सोबत पाठवीत आहे. राखाडी मानेचा, लाल डोळ्यांचा हा पक्षी कोणता असावा? – एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : ही अँडीज पर्वतातील टिटवी, शास्त्रीय नाव व्हॅनेलस रेस्प्लेंडेन्स, असून आपल्याकडील टिटवीही याच व्हॅनेलस प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) मोडते, उभे राहण्याची ढब त्यामुळेच आपल्याला ओळखीची वाटते. दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच भागांत आढळणाऱ्या दक्षिणी टिटवीशी तिची गल्लत होऊ शकते, परंतु त्या जातीच्या डोक्यावर बारीक तुरा आणि छातीवर ठळक काळा रंग असतो, आणि आपल्या छायाचित्रात यांपैकी काहीही नाही. पाय व चोचीचे मूळ गुलाबी-लाल आहे, तेही याच निर्णयाला पुष्टी देते. पाठीची हिरवट, खांद्यावरची जांभळट झळाळी प्रकाशानुसार बदलते आणि सावलीत काळपट दिसते, म्हणून केवळ रंगावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. छायाचित्राबरोबर स्थळ कळवलेत हे फार उपयोगी पडले, कारण सरोवराची सुमारे 3,800 मीटर उंची या जातीच्या अधिवासाशी नेमकी जुळते. भाचीकडे उडतानाचे छायाचित्र असल्यास तेही जरूर पाठवावे. काळ्या पंखांवरील रुंद पांढरा पट्टा त्यात दिसायला हवा.